लाइन लागली, कान काढा

ब्राझीलमधल्या एका बँकेचं दार मी नको त्या वेळी खटखटवून पाहिलं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुस्तकं उचलली होती. हॉलंडमधल्या एका फूलविक्याकडे खोट्या नावाने गाडीभर ट्युलिप मागवले होते, आणि एक इंग्रजी सिनेमा तर थिएटरात लागायच्या आधीच जगभर वाटून मोकळी झाले होते. हे सगळं कोणी केलं? तर रत्नागिरीच्या टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, सांध्यांना तेल लावून झोपणाऱ्या आणि ट्युलिप फक्त कॅलेंडरवर पाहिलेल्या एका बाईने. निदान तशा लेखी तक्रारी माझ्याकडे येत होत्या. त्या वाचताना मला जी मजा यायची, ती सबंध नोकरीत आली नव्हती.

आता हा काय प्रकार ते सांगते. माझ्या भावाची मुलगी मेधा कॉम्प्युटर शिकून, मुंबईत नोकरी करून रत्नागिरीला परत आली होती. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्यांना, आंबेवाल्यांना, गावोगावच्या मंडळांना वेबसाइट हव्याशा वाटू लागल्या होत्या. आम्ही दोघींनी मारुती मंदिराजवळ मासळीच्या एका छोट्या कट्ट्याच्या वर, माडीवर दोन खोल्या घेतल्या आणि चोवीस तास चालणारी इंटरनेटची लाइन घेतली. लाइन दिवसभर चालायची, पण आमच्या कामाला तिचा चतकोरही लागत नसे. मेधा एके दिवशी म्हणाली, "आत्या, उरलेली लाइन धर्मादाय लावूया?"

धर्मादाय म्हणजे काय, तर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून एक जाळं केलं होतं. कोणाला इंटरनेटवर आपली ओळख न देता वाचायचं, लिहायचं असेल तर त्याचा निरोप या जाळ्यातल्या तीन कॉम्प्युटरांतून फिरत जायचा. पहिल्याला माहीत, निरोप कोणाचा. पण कुठे चालला ते ठाऊक नाही. मधल्याला दोन्ही ठाऊक नाही. शेवटच्याला माहीत, कुठे चालला. पण पाठवणारा कोण ते त्याच्या देवालाही ठाऊक नाही. अशा एकेका कॉम्प्युटराला रिले म्हणतात. आमचा रिले शेवटच्या जागेवर बसायला तयार होता. ही जागा घ्यायला फारसं कोणी धजत नसे, कारण निरोप जिथे पोचतो तिथल्या माणसाला फक्त शेवटच्या दाराचा पत्ता दिसतो. त्यामुळे भांडायला तो शेवटच्या दाराशीच येतो.

मेधाला वाटलं होतं की हे मला समजावायला तिचा दिवस जाईल. मी म्हटलं, अगं, हे तर माझंच जुनं काम! आमच्या वेळी केळशीच्या माणसाला मुंबईला बोलायचं असलं तर केळशीचं पोस्ट दापोलीला सांगायचं, दापोली खेडला, खेड पुढच्या एक्स्चेंजला. मुंबईच्या ऑपरेटरला फक्त शेजारच्या ऑपरेटरचा आवाज माहीत. आणि आमच्या सुपरवायझर बाईंचा एक दंडक होता. दोन्हीकडून हॅलो ऐकू आलं की कळ खाली पाडायची आणि बाजूला व्हायचं. "लाइन लागली, कान काढा," असं त्या ओळीत फिरत म्हणायच्या. कोणी चुकून कान ठेवलेला दिसला तर मागून हेडफोनच उचलून घ्यायच्या.

तरीही ट्रंक कॉलवर बोलताना माहेरी फोन लावलेली एखादी बाई मध्येच थांबायची आणि विचारायची, "मध्ये कोण ऐकतंय काय हो?" आम्ही ऐकत नव्हतो, पण तिला ते कसं कळणार? मग ती सासूची गोष्ट गिळायची आणि पावसापाण्याचं बोलून फोन ठेवायची. तो प्रश्न मला नोकरीभर टोचत राहिला. म्हणून मेधाने विचारल्याबरोबर मी हो म्हटलं.

काम असं होतं. आमच्या रिलेचा पत्ता कोणी ब्राउझरमध्ये टाकला तर एक पान उघडायचं. हा रिले आहे, इथे कोणाचीही नोंद ठेवली जात नाही, तक्रार असल्यास या पत्त्यावर लिहा किंवा या नंबरवर फोन करा, असं त्या पानावर होतं. त्या पत्त्याच्या ई-मेलला आम्ही गाऱ्हाण्यांची पेटी म्हणायचो. मेधाने तक्रारींना द्यायचं उत्तर तयार केलं होतं ते दोन पानी होतं आणि त्यात आकृती होती. ते वाचून साहेबलोक आणखी पिसाळायचे. मी ते छाटलं. आधी झाल्या त्रासाबद्दल दिलगिरी, मग हे काय आहे ते चार ओळींत, मग तुम्हाला नको असेल तर तुमच्या दिशेचं दार आम्ही आजच बंद करतो, असं. ट्रंकवर दोन तास ताटकळलेल्या व्यापाऱ्याला शांत करायची हीच रीत होती. ती ब्राझीलच्या बँकेलाही बरोब्बर लागू पडली.

सकाळी चहा झाला की मेधा पेटी उघडायची आणि गावच्या मानकऱ्याच्या सुरात गाऱ्हाणं घालायची. "बा देवा महाराजा! हॉलंडचो फूलवालो म्हणता, रत्नांग्रीच्या बायेन खोटी ऑर्डर घातल्यान..." आणि मी स्टोव्हजवळून "होय महाराजा!" अशी साथ द्यायची. फूलवाल्याने तीन मेल रागाची पाठवली. चौथ्यात विचारलं, की रत्नागिरी नेमकं आहे कुठे? पाचव्यात त्याने आपल्या शेतांचे फोटो पाठवले. मी हापूसचा पाठवला. सिनेमावाल्यांचं पत्र मात्र यंत्रच लिहीत असावं. उत्तर दिलं तरी आठवड्याने तेच पत्र, स्वल्पविरामासकट. नागपूरचे एक निवृत्त हेडमास्तर तर थेट फोनवर आले. बुद्धिबळाच्या साइटवर त्यांना कोणीतरी आमच्या दारातून 'शेळी' म्हटलं होतं. "मला माफी हवी, आणि ती माणसाच्या तोंडून हवी," ते म्हणाले. म्हटलं, सर, तो कोण मला माहीत नाही, पण त्याच्या वतीने मी माफी मागते. ते म्हणाले, "तुम्ही कशाला? तुमचा आवाज सभ्य आहे."

सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एका मुलीला कोणीतरी रोज घाणेरडं लिहीत होतं आणि त्यातलं काही आमच्या दारातून जात होतं. तिने स्वतः फोन केला. त्या साइटकडचं दार आम्ही तिथल्या तिथे बंद केलं, पोलिसांत कसं जायचं ते सांगितलं. पण तिचा प्रश्न एकच होता: "तो कोण आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. खरं तेच होतं, आणि ते माहीत नसणं हाच तर आमचा सगळा अभिमान. तरी फोन ठेवल्यावर मला माझाच आवाज आवडला नाही. त्या दिवशी पेटी पुन्हा उघडली नाही.

आणि मग कॅप्टनचं प्रकरण झालं.

मालगुंडच्या पलीकडे एक गाव आहे. नाव घेत नाही, माणसं अजून तिथे नांदताहेत. हिंदू-मुसलमान दोन्हीकडची पोरं तिथून जहाजावर जातात. तिथला एक गृहस्थ तरुणपणी जहाजाच्या भटारखान्यात होता. पुढे तो पोरांना आखातातल्या जहाजांवर लावून द्यायला लागला, बंगला बांधला, आणि गावच्या मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष झाला. सुकाणूला त्याने कधी हात लावला नव्हता, पण सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. मंडळाची वेबसाइट आम्हीच केली होती. तिच्यावर एक गेस्टबुक होतं, म्हणजे कोणीही येऊन चार ओळी लिहाव्यात असं पान. झालं असं, की पालखीच्या फोटोखाली टकलावर केस उगवण्याच्या इंग्रजी जाहिराती येऊन पडायला लागल्या. मंडळ खवळलं. मेधाने उपाय केला: देशाबाहेरच्या पत्त्यावरून गेस्टबुकात लिहिताच येणार नाही. जाहिराती थांबल्या आणि मंडळाने आम्हाला नारळ दिला. म्हणजे खराखुरा, हळदकुंकू लावलेला.

एके सकाळी त्याच गेस्टबुकात इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर आला. कॅप्टनच्या जहाजावर आणखी पोरं पाठवू नका. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून पडलं आहे. पगार नाही, प्यायचं पाणी पुरत नाही, पासपोर्ट काढून घेतलेत. पुढच्या तुकडीला थांबवा. खाली जहाजाचं नाव होतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं.

मंडळाच्या सेक्रेटरीला प्रत्येक मजकुराशेजारी लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता दिसायचा. त्याने तो शोधून काढला. पत्ता आमचा निघाला.

कॅप्टन दुपारी जिना दणदणवत वर आला. मजकूर त्याने आधीच काढून टाकायला लावला होता. "बाई, तुम्हीच लिहिलंत," तो म्हणाला. "इतकी वर्षं एक्स्चेंजात बसून गावोगावच्या भानगडी ऐकल्यात. माझंही काय काय ऐकलं असेल!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोर म्हणाला असता तरी इतका झाला नसता. सबंध नोकरीत एका घरातलं दुसऱ्या घरात सांगितलं नाही, आणि हा भटारखान्यातला कॅप्टन मला चोरून ऐकणारी म्हणतो! "मी लिहिलं असतं तर खाली सही केली असती," मी ओरडले. "आणि जरा बऱ्या मराठीत लिहिलं असतं!"

"मग कोणी लिहिलं?"

"माहीत नाही."

"पोलिसांपुढे बोला हे," असं म्हणून तो गेला. मेधा एव्हाना डोकं धरून बसली होती. "आत्या, आपलंच दार का, ते कळलं," ती म्हणाली. "मी गेस्टबुक देशाबाहेरच्यांना बंद केलं. शेवटच्या जागेवर बसणारे बाकीचे सगळे रिले परदेशात. जाळ्यातून कोणीही लिहू गेला असेल तर बाकी सगळीकडून आपटून आपटून शेवटी आपल्याच दारातून बाहेर पडणार." म्हणजे केसांच्या गोळ्या अडवायला तिने सगळी दारं लावली आणि उघडं ठेवलं ते नेमकं आमचं. इतक्या गडबडीतही आम्हाला हसू आवरेना.

ते हसू जैनबने थांबवलं. जैनब आमच्या जिन्याखाली मासळी घेऊन बसायची. त्याच गावची. तिचा मुलगा इम्रान कॅप्टनच्या पुढच्या तुकडीत जाणार होता, आणि तिने त्या आनंदात महिनाभर आम्हाला बोंबलाचे पैसे मागितले नव्हते. ती हात पुसत वर आली.

"ताई, कॅप्टन खाली सगल्यांना सांगत होता, तुमीच लिवलात म्हणून. खरां हाय काय?"

"मी नाही लिहिलं गो."

"पन लिवलान ता खरां हाय काय?"

"माहीत नाही, जैनब."

"मग मी पोराला धाडू का नको धाडू?"

तिला सांगू काय? की आमच्या धंद्यात माहीत नसणं हा सद्गुण आहे? ती गेली आणि मी मेधाला म्हटलं, आता हे पोलीस स्टेशन मला टाळायचं नाहीये. उलट कधी बोलावतात असं झालंय.

दुसऱ्याच दिवशी बोलावलं. फौजदार कोल्हापूरकडचे होते, नुकते बदलून आलेले. कॅप्टन आधीच पंख्याखालची खुर्ची अडवून बसला होता. फौजदारांनी सरळ विचारलं, "बाई, ह्यो मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवरनं आला, व्हय का न्हाई?"

"कॉम्प्युटरमधून आला. आमच्याकडून नाही."

"म्हंजे?"

मी त्यांना ट्रंक कॉल सांगितला. केळशी, दापोली, खेड, सगळं. त्यांच्या गावात पोस्टात एकच फोन होता, त्यामुळे मला फार बोलावं लागलं नाही. "म्हंजे तुमी शेवटचा ऑपरेटर," ते म्हणाले. "आनि बोलनारा कोन ते तुमाला दिसत न्हाई. आन् कॉम्प्युटर उचलून न्हेला तर?"

"न्या साहेब. आमचं काम चार दिवस बंद पडेल, पण त्यात काही सापडायचं नाही. नोंद ठेवतच नाही." आणि मग मी जे ठरवून आले होते ते बोलले. "साहेब, कोणी लिहिलं ते मी जन्मात सांगू शकणार नाही. पण लिहिलंय ते खरं की खोटं, ते कोणालाही शोधता येईल. जहाजाचं नाव दिलंय त्यात. तुकडी आठवड्यात निघते आहे. आधी ते विचारा ना."

"खोटं आहे ते!" कॅप्टन उसळला. "पोरं मजेत आहेत तिथं! आणि ज्यानं कोणी हे लिहिलंय ना, त्याचं पोरगं त्याच जहाजावर असणार. पासपोर्ट माझ्याकडे आहेत सगळ्यांचे. एकेकाला कसा उतरू देतो तेच बघतो!"

फौजदारांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"पोरं मजेत हाईत," ते सावकाश म्हणाले, "आनि त्येंचे पासपोर्ट तुमच्याकडं? तुमी हितं, पोरं तितं, आनि पासपोर्ट तुमच्या कपाटात? ह्ये जरा मला समजावून सांगा की, कॅप्टनसाहेब."

कॅप्टनला ते समजावून सांगता आलं नाही. त्या दुपारी तो खुर्चीवरून उठला तो घरी जायला नाही. मी बाहेर पडले आणि रिक्षासुद्धा केली नाही. साठीकडे झुकलेली बाई मी, रस्त्याने जवळजवळ पळत होते. जैनब टोपलीशी बसली होती. तिला दुरूनच ओरडून सांगितलं, "धाडू नको गो! धाडू नको!" तिने हातातली सुरमई तशीच खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

तुकडी निघाली नाही. अडकलेल्या पोरांचं मात्र इतक्या सहज सुटलं नाही. फौजदारांनी वर लिहिलं, वरच्यांनी दिल्लीला लिहिलं, आणि महिने गेले. मधूनमधून जैनब सांगायची, अमक्याचा मुलगा उतरला म्हणतात, तमक्याचा अजून नाही. कॅप्टनचा खटला कोर्टात रेंगाळतच राहिला.

आमचंही दार याच सुमारास बंद झालं. ज्यांच्याकडून लाइन घेतली होती त्यांना तक्रारींचा कंटाळा आला. शेवटची जागा सोडा, नाहीतर लाइन सोडा, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. आम्ही रिले मधल्या जागेवर नेला. मधल्याला कोणी ओळखत नाही, त्याच्याकडे कोणी भांडायला येत नाही. काम तेच, पुण्य तेवढंच म्हणे, पण सकाळचा चहा बेचव झाला. हॉलंडचा फूलवाला नाही, सिनेमावाल्यांचे स्वल्पविराम नाहीत. दार सोडायला नको होतं, भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पेटीचा पत्ता तेवढा चालू ठेवला होता आणि मेधा सवयीने ती उघडायची.

एका सकाळी तिने नुसतंच "आत्या" म्हटलं. गाऱ्हाण्याचा सूर लावला नाही. मी चष्मा शोधत गेले. पेटीत एकच मेल होतं. इंग्रजी अक्षरांतलं तेच मोडकंतोडकं मराठी.

तक्रार काही नाही. मुलगा घरी पोचला.

बस, एवढंच. पुढे नाव नाही, मागे नाव नाही. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. इतकी वर्षं त्या पेटीत शिव्या आल्या, धमक्या आल्या, वकिलांची पत्रं आली. तक्रार नाही म्हणून सांगायला कोणी आलं नव्हतं.

"हे जाळ्यातून आलेलं नाही, आत्या," मेधा हळूच म्हणाली. "साधं मेल आहे, घाईत पाठवलेलं. वरची माहिती उघडली तर कुठून आलं ते आत्ता कळेल. बघू?" तिचा हात माऊसवर होता.

खोटं कशाला बोलू, 'बघ' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. त्या गावातली घरं डोळ्यांसमोरून गेली. कोणाचं पोरगं? आणि तेवढ्यात ओळीत फिरणाऱ्या सुपरवायझर बाईंच्या चपलांचा आवाज अगदी मागे ऐकू आल्यासारखा झाला.

"लाइन लागली ना?" मी म्हटलं. "कान काढ."

मेधाने हात उचलला. मग एकदम तिने तोच जुना सूर लावला, "बा देवा महाराजा! तक्रार नाय म्हणतत! झील घराक पोचलो म्हणतत!" आणि मी इतक्या जोरात "होय महाराजा!" ओरडले की जिन्याखालून जैनबने हाक मारली.

"काय झाला गो ताई?"

मी खिडकीतून वाकले. "कोणाचा तरी मुलगा घरी पोचला!"

"कोनाचा?"

"माहीत नाही!" मी म्हटलं. ते दोन शब्द इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.